भोपळ्याचं खाणं

"ह्याला मांस लागणार, आक्का," डॉ. मुल्ला म्हणाले, आणि आई खुर्चीवरून उठून उभी राहिली.

उठून कुठं जायचं नव्हतं तिला. टेबलावर भोपळ्या पाय पसरून पडला होता. त्याच्या कानाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब डॉक्टरांच्या हातातल्या यंत्रात होता आणि यंत्र चारशे सत्तर दाखवत होतं. तरी ती उभी राहिली, पदर खांद्यावर ओढून घेतला आणि म्हणाली, "आमच्यात चालत नाही, डॉक्टरसाहेब."

"तुमच्यात नसेल. हा तुमच्यातला नाही."

"दहा वर्षं आमच्या घरात आहे. मग कुणातला म्हणायचा?"

डॉक्टरांनी यंत्र खाली ठेवलं. ते मुख्यतः म्हशींचे डॉक्टर. शिरोळ तालुक्यातल्या गोठ्यागोठ्यांतून मोटरसायकलवर फिरायचे. मांजर घेऊन जयसिंगपुरात त्यांच्याकडं येणारे आमच्यासारखे दोघं-चौघंच असतील. पण जनावराला बोलता येत नाही म्हणून त्याच्या माणसाशी नीट बोलायचं, ही त्यांची पद्धत होती.

"आक्का, ह्याला साखरेचा आजार आहे. माणसाला होतो तोच. दिवसातून दोन वेळा सुई द्यावी लागेल. पण नुसत्या सुईनं भागणार नाही. तुम्ही ह्याला काय घालता?"

"दूधचपाती. दूधभात. सणाला खीर."

"म्हणजे पीठ आणि साखर. मांजराचं पोट त्यासाठी केलेलंच नाही. कोंबडी उकडून घातलीत तर सगळ्यात उत्तम."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"बरं, उकडू नका," डॉक्टर म्हणाले. "निदान कोरडं खाणं आणा. बिस्किटासारखे दाणे असतात, पिशवीत मिळतात. वास नाही, शिजवणं नाही. पण बघून घ्या. प्रथिनं जास्त आणि पीठ कमी असलेलं. आणि एक लक्षात ठेवा, खाणं बदललं की आधी मला सांगायचं. खाणं बदललं की सुईचं माप बदलतं. विसरू नका."

हे सगळं २००७ सालच्या मे महिन्यातलं. मी एकवीस वर्षांची होते, बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा नुकतीच झाली होती. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आणि भोपळ्या.

भोपळ्याला घरी आणलं होतं आण्णांनी. माझे वडील हायस्कूलला ड्रॉइंगमास्तर होते. शाळेच्या कपाटात, तक्त्यांच्या गुंडाळ्यांमागं, त्यांना पिवळट केशरी रंगाचं एक पिल्लू सापडलं आणि ते शबनम पिशवीतून आणलं. वर्षभरात ते एवढं गोल झालं, की नाव आपोआपच पडलं. आण्णा संध्याकाळी व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून चित्रं काढायचे आणि भोपळ्या त्यांच्या मांडीवर. कागद त्याच्या पाठीवर टेकवून काढलेली कितीतरी चित्रं आमच्याकडं होती, सगळ्यांतल्या रेषा एका ठिकाणी हललेल्या. कारण विचारलं की आण्णा म्हणायचे, "इथं त्यानं श्वास घेतला."

आण्णा गेल्याला तीन वर्षं झाली होती. आईनं भोपळ्याला कधी मांडीवर घेतलं नाही, पण सकाळी पहिली चपाती त्याची असायची.

आम्ही जैन. आई तर फारच काटेकोर. सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून, आणि आण्णा गेल्यापासून कांदा-लसूणही बंद. रोज पहाटे ती बस्तीत जायची. जैन मंदिराला आमच्याकडं बस्ती म्हणतात. पावसाळ्यात गावात मुनीमहाराज चातुर्मासाला उतरले की आईच्या अंगात वेगळंच बळ यायचं. मुनी दिवसातून एकदाच, कुणातरी श्रावकाच्या घरी उभ्यानं आहार घेतात. त्यासाठी घराघरांतून शुद्ध स्वयंपाक मांडायचा, त्याला चौका म्हणतात, आणि दारात कलश घेऊन उभं राहायचं. मुनी कुणाच्या दारी थांबतील ते कुणालाच माहीत नसतं. तीस वर्षं, एकही पावसाळा न चुकवता, आईचा चौका लागत आला होता. जयसिंगपुरात पद्माक्का मगदूम म्हटलं की लोकांना आधी तोच आठवायचा.

तेव्हा मांस हा शब्द ऐकून ती खुर्चीवरून का उठली, ते मला कळत होतं.

सुईचं मात्र तिनं मनावर घेतलं. जी बाई मुंग्यांची रांग दिसली की केरसुणी बाजूला ठेवायची, तिनं दोन दिवस केळ्याला सुई टोचून सराव केला. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता भोपळ्याला समोर घेतलं, मानेमागची कातडी चिमटीत धरली, डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला आणि डोळे उघडून सुई टोचली. भोपळ्याला कळलंही नाही. आईनं मात्र सुई खाली ठेवून पुन्हा एकदा णमोकार म्हटला.

खाणं आणायला सांगलीला मी गेले. निघताना ती म्हणाली, "ज्यात जीव नाही असलं आण."

सांगलीत पाळीव प्राण्यांच्या खाण्याचं एक दुकान होतं. मालक कोरेकाका, कपाळावर विभूतीचे पट्टे, नाकावर चष्मा. मी काय हवं ते सांगितलं.

"शाकाहारी? आहे एक," ते म्हणाले. "मका, तांदूळ, सोयाबीन. पण पोरी, साखरेच्या मांजराला हे—"

"हेच द्या."

त्यांनी दिलं. पुढच्या खेपेला डॉ. मुल्लांनी पिशवी हातात घेऊन बघितली, काही बोलले नाहीत आणि सुई एकाची दोन युनिट केली. पंधरा दिवसांनी तीन. रक्तातली साखर तरी उतरेना. जूनच्या सुरुवातीला भोपळ्याचे मागचे पाय गेले. गेले म्हणजे, तो चालायचा पण टाचा जमिनीला टेकवून, एखादा म्हातारा बसल्या बसल्या सरकतो तसा. वेताच्या खुर्चीशी जाऊन वर बघायचा. उडी मारायचा प्रयत्नही करायचा नाही. नुसता बघायचा. मग आई त्याला उचलून वर ठेवायची आणि आत निघून जायची.

एका दुपारी मी पिशवीवरची बारीक अक्षरं वाचत बसले. प्रथिनं सव्वीस, स्निग्ध नऊ, तंतू चार, ओलावा दहा, राख आठ. पिठाचा आकडा कुठंच छापलेला नव्हता. पण बाकी सगळं छापलं असेल तर उरलेलं पीठच. शंभरातून वजा केलं. त्रेचाळीस उरले. आम्ही त्या मांजराला दिवसातून दोन वेळा जवळजवळ निम्मं पीठ चारत होतो आणि वर सुई टोचत होतो.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगलीला गेले. कोरेकाकांनी न विचारताच दुसरी पिशवी काढली. कोंबडीची. तिच्यावरची वजाबाकी मी दुकानातच केली. पंधरा.

ती पिशवी मी एका डब्यात ओतली आणि डबा गच्चीवर, कॉलेजच्या जुन्या जर्नल्सच्या खोक्यात ठेवला. पहाटे आई बस्तीत गेली की भोपळ्याला उचलून गच्चीवर न्यायचे. पहिल्या दिवशी तो त्या दाण्यांवर असा तुटून पडला, की मला रडू आलं. संध्याकाळी आई बस्तीत स्वाध्यायाला, ग्रंथवाचनाला गेली की पुन्हा. सात वाजता आई तिची वाटी पुढं ठेवायची, तो दोन दाणे खाऊन बाजूला व्हायचा आणि आई मापानं तीन युनिट टोचायची.

डॉक्टरांचं बोलणं मी विसरले नव्हते. पण सांगायचं तर आईसमोर सांगावं लागणार होतं. सोमवारी सांगू म्हटलं. सोमवार आला, गेला. साखर कमी झाली तर चांगलंच की, असंही मनाशी म्हटलं. रसायनशास्त्राची पदवीधर होणार होते मी.

आठवड्याभरात त्याच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. एका सकाळी तो स्वतःहून खुर्चीवर चढला. आई धुणं टाकून धावत आली. शेजारच्या जिनमतीकाकूंना तिनं कुंपणावरूनच हाक मारली.

"बघा हो, बघा! मका खाऊन चालायला लागला. डॉक्टर म्हणत होते मांसच पाहिजे म्हणून."

"श्रद्धा असली की होतं, पद्माक्का," काकू म्हणाल्या.

आई माझ्याकडं बघून हसली. आण्णा गेल्यापासून ती तशी हसलेली मला आठवत नव्हती. मी पण हसले.

त्या दिवसांत मी अजून एक गोष्ट लपवत होते. निपाणीचं एक स्थळ आलं होतं, चांगलं, आईला फार पसंत असलेलं. रविवारी ते लोक मला बघायला यायचे होते. आणि मी पुण्याला एम.एस्सी.साठी अर्ज केला होता. प्रवेश मिळाल्याचं पत्र मैत्रिणीच्या पत्त्यावर येऊन तिच्याच घरी पडलं होतं.

तो शुक्रवार होता. साडेदहाचा सुमार. आई व्हरांड्यात तांदूळ निवडत होती, मी आत केस विंचरत होते. काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईची हाक.

भोपळ्या खुर्चीखाली आडवा पडला होता. डोळे सताड उघडे, जबडा कटकट वाजत होता, चारी पाय हवेत पळत असल्यासारखे हलत होते. सूप उपडं होऊन तांदूळ सगळीकडं पसरले होते. मी फोनकडं धावले. डॉक्टर नांदणीत एका गोठ्यात होते, मागं म्हैस हंबरत होती. मी फोनचा स्पीकर चालू केला.

"साखर उतरलीय त्याची," ते म्हणाले. "मध आहे का घरात?"

"आमच्यात मध नसतो," आई म्हणाली.

"साखर?"

"आहे."

"थोड्या पाण्यात भरपूर साखर विरघळवा. बोटानं हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, घशात जाईल. चोळत राहा."

मी साखरेचं पाणी आणलं. आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पहिल्यांदाच घेतलं. वाटीत बोट बुडवून त्याच्या दातांच्या कडेनं फिरवायला लागली. त्याचा दात लागून बोटातून रक्त आलं, तरी ती थांबली नाही.

"सुई किती दिली सकाळी?" फोनमधून आवाज आला.

"तीनच. रोजच्यासारखी," आई म्हणाली.

"खाल्लं काय?"

"दोन दाणे खाल्ले असतील. हल्ली कमीच खातोय."

"खाणं तेच ना? बदललं नाही ना काही?"

"तेच हो. तेच."

मी तिथं उभी होते. हातात साखरेची बरणी होती. आई खोटं बोलत नव्हती. तिला माहीत होतं ते ती सांगत होती आणि डॉक्टर त्यावरूनच पुढचं ठरवणार होते.

"तेच नाही, डॉक्टर," मी म्हणाले. "अकरा दिवस झाले, मी त्याला कोंबडीचं घालतेय. दोन वेळा. आईला माहीत नाही."

आईचं बोट क्षणभर थांबलं. तिनं वर बघितलं. मग पुन्हा वाटीत बुडवलं.

फोनवर थोडा वेळ नुसती म्हैसच ऐकू आली. मग डॉक्टर म्हणाले, "बरं. चोळत राहा. उठून बसला की ते मक्याचं खाणं द्या. आज त्याला तेच औषध आहे. मी निघालो."

वीस मिनिटांनी भोपळ्याचे पाय थांबले. अर्ध्या तासानं त्यानं डोकं उचललं. डॉक्टर आले तेव्हा तो आईच्या मांडीवर बसून मक्याचे दाणे खात होता. त्यांच्या बुटांना शेण होतं, ते धुवायलाही थांबले नव्हते. त्यांनी कानाला टोचलं.

"आता सत्तर. मघाशी तीसच्या खाली असणार. अजून थोडा वेळ गेला असता तर..." ते माझ्याकडं वळले. "मी काय सांगितलं होतं?"

"खाणं बदललं की आधी सांगायचं."

"मग?"

मी साखरेच्या बरणीचं झाकण लावत राहिले. त्यांनीही जास्त ताणलं नाही. संध्याकाळची सुई द्यायची नाही, उद्या येऊन बघतो, असं सांगून ते गेले.

आई दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तांदूळ वेचले, ओटा पुसला, स्वयंपाक केला. उन्हं उतरताना आम्ही समोरासमोर जेवलो. ताटं उचलल्यावर ती म्हणाली, "कुठं ठेवलायस?"

मी गच्चीवरून डबा आणला. तिनं झाकण काढलं, वास घेतला, एक दाणा तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिली. तिनं हातात असलं काही घेतल्याचं मी कधी बघितलं नव्हतं.

"म्हणजे चालायला लागला तो ह्यानं."

"हो."

"आणि मी काकूंना हाका मारून सांगत सुटले."

दाणा तिनं बोटांत फिरवला.

"तुला वाटलं, मी नाही म्हणेन."

"हो."

"म्हटलंही असतं," आई म्हणाली. "पण मला नाही म्हणायला तरी मिळालं असतं. तू तेवढंही ठेवलं नाहीस माझ्याकडं."

तिनं दाणा परत डब्यात टाकला आणि हात धुऊन आली.

"हा जो पडला आज, तो ह्या खाण्यानं नाही पडला. चोरून घातलंस म्हणून पडला. एका घरात दोघी, एक काय करते ते दुसरीला ठाऊक नाही. मध्ये हा मुका जीव." मग जरा थांबून तिनं विचारलं, "अजून काही आहे?"

"म्हणजे?"

"असलंच. मला न सांगितलेलं."

बाहेर अजून उजेड होता. मी पुण्याचं सांगितलं. अर्ज, प्रवेश, मैत्रिणीच्या घरी पडलेलं पत्र. निपाणीला जायचं नाही, तेही सांगितलं. सांगताना मी भिंतीकडं बघत होते. संपल्यावर तिच्याकडं बघितलं तर ती रागावलेली नव्हती, दमलेली होती.

"परवा लोक येणार. आणि आज सांगतेस?"

"तू विचारलंस म्हणून."

"मी विचारायची वाट बघत होतीस होय?" ती उठली. "निपाणीला फोन करायला पाहिजे. उद्या सकाळी करते. आणि परवा रविवारी सांगलीचं ते दुकान उघडं असतं काय?"

उघडं असायचं. आम्ही दोघी गेलो. आईला बघून कोरेकाका उभे राहिले, खुर्ची दिली. ती बसली आणि म्हणाली, "साखरेच्या मांजराला चालतील तेवढ्या सगळ्या पिशव्या काढा. आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवा. सगळं."

काकांनी चार पिशव्या टेबलावर मांडल्या. एकेक घटक मोठ्यानं वाचत गेले आणि मी कागदावर वजाबाकी करत गेले. एक मासळीची होती, तिच्यात बटाटा भरपूर. बत्तीस. एक वजन कमी करायची, तिच्यावर सडपातळ मांजराचं चित्र होतं. मला वाटलं हीच असणार. पण तिच्यात चरबी काढून कोंडा आणि तांदूळ घातला होता. तेहतीस. तिसरी पिल्लांची, ती काकांनीच बाजूला सारली. चौथी मी आधी नेली होती ती.

"कोरेअण्णा, एक विचारू?" आई म्हणाली. "एका पिशवीत किती जीव गेले असतील?"

काकांनी चष्मा काढला. "आक्का, तीस वर्षं ह्या धंद्यात आहे. हे कुणी विचारलं नाही मला."

"तुम्ही खाता?"

"आम्ही लिंगायत. मीही नाही खात. सुरुवातीला पिशवी फोडायची तर नाकाला रुमाल बांधायचो." ते पिशवीवर हात ठेवून म्हणाले, "आकडा नाही सांगता येणार मला. खोटं कशाला सांगू?"

आई बराच वेळ त्या चार पिशव्यांकडं बघत बसली. दुकानात पिंजऱ्यातल्या पाखरांचा कलकलाट चालू होता. मला वाटलं ती उठून बाहेर जाईल. मग तिनं मला विचारलं, "कमी पीठ कुठलीत?"

"चौथीत. पंधरा."

"आणि मासळीचं खाऊन बरा होईल काय?"

"थोडाफार. सुई चालूच राहील."

"मग चौथी द्या," ती काकांना म्हणाली. "घ्यायचंच तर लागू पडेल ते घ्यायचं. अर्धंमुर्धं घेऊन जीवही गेले आणि हाही बरा झाला नाही, असं नको."

पिशवी तिनं स्वतः उचलली. एसटीत मांडीवर घेऊन बसली. मी घेते म्हटलं तर दिली नाही.

घरी मागच्या पडवीत एक फळी होती, ती तिनं धुऊन घेतली. पिशवी तिथं, वाटी वेगळी, चमचा वेगळा. डॉ. मुल्लांनी सुई तीनवरून एकवर आणली आणि महिनाभर दर दोन दिवसांनी कान टोचून गेले. आई सकाळ-संध्याकाळ दाणे मोजून घालायची, मग आंघोळ करायची. दिवसातून दोनदा आंघोळ. मी घालते म्हटलं की म्हणायची, "नको. आणायचं मी ठरवलं, घालायचंही मीच."

जुलैच्या मध्यावर बस्तीतून आदगोंडाकाका वही घेऊन आले. त्या वर्षी दोन मुनीमहाराज चातुर्मासाला येणार होते, चौका लावणाऱ्या घरांची यादी करायची होती.

"पद्माक्का, तुमचं नाव पहिलं लिहिलंय. विचारायचं म्हणून विचारतो."

"ह्या वर्षी माझ्या घरी नको, आदगोंडा."

"का? तब्येत?"

मी आतून ऐकत होते. गुडघ्याचं कारण सांगता आलं असतं. गुडघे खरंच दुखायचे तिचे.

"घरात मांजराचं खाणं आहे," आई म्हणाली. "त्यात कोंबडी आहे."

काका गडबडले. वही मिटली, उघडली. आवाज खाली आणून म्हणाले, "मागच्या पडवीत ठेवत असाल ना? स्वयंपाकघरात तर नाही. तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, आक्का."

"दारात उभं राहून मला मोठ्यानं म्हणायचं असतं, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहारपाणी शुद्ध. महाराज त्या शब्दांवर आत येतात. ते कसं म्हणू?"

काका पाणी न पिताच गेले. दोन दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं. जिनमतीकाकू वाईट काही बोलल्या नाहीत. पण आमच्याकडून गेलेली आमटीची वाटी पूर्वी भरून परत यायची, ती रिकामी, घासून यायला लागली. पुढं पुढं आईनंच वाटी पाठवणं बंद केलं.

महाराज आले. पहिल्या दिवशी आमच्या गल्लीत आहाराला निघाले तेव्हा दहा वाजले असतील. दारोदारी रांगोळ्या, बायका धुतलेल्या पांढऱ्या साड्यांत, हातात कलश, वर नारळ. सगळीकडून एकच गजर. आमच्या दारात रांगोळी नव्हती. आई फाटकाशी हात जोडून उभी होती, रिकाम्या हातांनी. मी तिच्या मागं होते. महाराज संथ पावलं टाकत आमच्या समोरून गेले. त्यांची नजर जमिनीवर होती, चालताना जीव पायाखाली येऊ नये म्हणून. ते जिनमतीकाकूंच्या दाराशी थांबले आणि तिथं एकच आनंद उसळला.

आई वाकून नमस्कार करून उठली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

"आई, वाईट वाटतंय?"

"वाटतंय की," ती म्हणाली. "फार वाटतंय. विचारतेस काय?"

आणि फाटकाला धरून तिथंच थोडा वेळ रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो काढला नाही.

ऑगस्टमध्ये मी पुण्याला गेले. सप्टेंबरच्या एका सकाळी होस्टेलवर तिचा फोन आला, की डॉक्टरांनी सुई बंद केली, साखर आपोआप ताब्यात राहतेय, खाणं मात्र जन्मभर हेच. भोपळ्या त्यानंतर चार वर्षं जगला. चार चातुर्मास आई फाटकाशी तशीच उभी राहिली. मी सुटीला घरी असले की दोघी उभ्या राहायचो. दुसऱ्या वर्षी काकू त्यांच्या दारातून आमच्याकडं बघून हात जोडायला लागल्या. तिसऱ्या वर्षी आमटीची वाटी आली, भरलेली. भोपळ्या गेला तो म्हातारपणानं, खुर्चीत, दुपारच्या झोपेत. त्याच्या पुढच्या आषाढात आदगोंडाकाकांनी न विचारताच वहीत नाव घातलं.

त्या चार वर्षांत मी आईपासून काही लपवलं नाही. सोपं नव्हतं. बऱ्याच गोष्टी तिला आवडायच्या नाहीत आणि तसं ती स्पष्ट सांगायची. एम.एस्सी. झाल्यावर नोकरीसाठी बंगळूरला जायचं ठरवलं, तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नाही. तरी सांगत गेले.

मग शरदचं सांगितलं. तो रत्नागिरीचा, माझ्याच प्रयोगशाळेत होता. आमच्यातला नव्हता. मी फोनवर एका दमात सगळं सांगून टाकलं आणि थांबले. तिनं फोन ठेवून दिला. तीन आठवडे तिचा फोन आला नाही, मी केला तरी "बरं आहे" एवढंच म्हणून ठेवायची. चौथ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, तिचाच फोन आला.

"तो काय खातो?" तिनं विचारलं. "खरं सांग."

मी सांगितलं. मासळी, रोज. रविवारी कोंबडी.

पलीकडं बस्तीतली घंटा ऐकू येत होती.

"मला आवडलेलं नाही," आई म्हणाली. "पुढच्या रविवारी घेऊन ये त्याला."